कोलिऊर की सेंट आइव्हज?

आधुनिक कलेला समुद्राने काय दिलं, हे प्रत्यक्ष जाऊन पाहायचं असेल तर ही दोन गावं समोर येतात.

कोलिऊर फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावर, स्पेनच्या सीमेजवळ आहे. १९०५च्या उन्हाळ्यात चित्रकार आंरी मातिस आणि आंद्रे देरँ इथे रंगवत होते. मातिसच्या ‘उघडी खिडकी’ या चित्रातल्या गुलाबी लाटा इथल्याच. त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात या चित्रकारांना ‘फोव्ह’, म्हणजे रानटी जनावरं, हे नाव पडलं. मात्र ती गाजलेली चित्रं आज दूरदूरच्या संग्रहालयांत आहेत. गावात त्यांच्या प्रतिकृती लावल्या आहेत, तिथे उभं राहून समोरचा देखावा ताडून पाहायचा.

इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचं सेंट आइव्हज मला जास्त जवळचं वाटतं, कारण इथे कलाकार नुसते उन्हाळ्यापुरते आले नाहीत, राहिले. महायुद्ध तोंडावर असताना, ऑगस्ट १९३९मध्ये शिल्पकार बार्बरा हेपवर्थ आणि तिचा नवरा, चित्रकार बेन निकल्सन, तिळ्या मुलांना घेऊन या भागात आले. हेपवर्थ १९७५मध्ये मरेपर्यंत इथेच होती. उपसागराच्या कवेतून तिला ‘पेलागोस’ हे लाकडी शिल्प सुचलं. आत निळसर पोकळी, दोन टोकांमध्ये ताणलेल्या तारा. तिचा स्टुडिओ आणि बाग आजही पाहता येते. शिल्पं तिथेच, झाडांमध्ये आहेत.

शिवाय अल्फ्रेड वॉलिस! म्हातारपणी पुठ्ठ्यावर बोटी रंगवणारा हा जुना दर्यावर्दी १९२८मध्ये इथेच निकल्सनला भेटला. मातिसच्या रंगांचं वेड असेल तर कोलिऊरला जरूर जा. पण एकच निवडायचं तर सेंट आइव्हज.