शेअर्ड ओनरशिपचा फ्लॅट: वर्षभर राहिल्यावरचा अनुभव

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्समध्ये शेअर्ड ओनरशिपवर, म्हणजे घराचा काही हिस्सा विकत घेऊन उरलेल्यावर भाडं भरायचं अशा योजनेत, दोन बेडरूमचा फ्लॅट घेऊन वर्ष उलटून गेलं. ओळखीतलं कुणी ना कुणी याबद्दल विचारतंच, म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय.

आधी हिशेब. फ्लॅटची किंमत ३ लाख पाउंड. आम्ही ४० टक्के हिस्सा घेतला, म्हणजे १ लाख २० हजारांचा. त्याच्या १० टक्के, म्हणजे १२ हजार डिपॉझिट भरलं, बाकीचं मॉर्गेज. उरलेला ६० टक्के हिस्सा हाउसिंग असोसिएशनचा, म्हणजे परवडणारी घरं पुरवणाऱ्या संस्थेचा. त्यावर वर्षाला पावणेतीन टक्क्यांनी भाडं, महिन्याला साधारण ४१२ पाउंड. अख्ख्या फ्लॅटचं कर्ज आमच्या पगारावर बसत नव्हतं, त्यामुळे दुसरा पर्याय म्हणजे भाड्याने राहत राहणं. लंडनबाहेर घरातलं एकूण उत्पन्न वर्षाला ८० हजार पाउंडांपर्यंत असेल तरच ही योजना मिळते. लंडनमध्ये ही मर्यादा ९० हजार आहे.

माझे वडील गिरगावात पागडीच्या खोलीत वाढले. त्यांना फोनवर हे समजायला दोन मिनिटंही लागली नाहीत. "म्हणजे पैसे मोजून घेतलं तरी घरमालक डोक्यावर आहेच!" अगदी तसंच. फक्त पागडीचं भाडं वर्षानुवर्षं हललंच नाही, इथलं दर वर्षी चढतं.

किती चढतं हे लीजमध्ये, म्हणजे असोसिएशनबरोबरच्या करारात, लिहिलेलं असतं आणि सगळ्यात आधी तेच पान वाचावं. जुन्या लीजमध्ये बहुधा आरपीआय (महागाईचा एक दर) अधिक अर्धा टक्का असतो. २०२२ च्या शेवटी आरपीआय १२ टक्क्यांच्या वर गेला तेव्हा तशा लीजवाल्यांची झोप उडाली होती. बऱ्याच असोसिएशननी आपणहून वाढ ७ टक्क्यांवर रोखली, पण लीजने तसं बंधन घातलेलं नव्हतं. आमचं लीज नवं, त्यात सीपीआय (महागाईचा दुसरा दर) अधिक १ टक्का आहे. रीसेलचा फ्लॅट बघत असाल तर हे आवर्जून विचारा.

खरा काटा सर्व्हिस चार्जचा. हिस्सा ४० टक्के, मेंटेनन्स मात्र शंभर टक्के आपल्याच माथी. पहिल्या वर्षी महिन्याला १६५ पाउंड होते, आता २०५ झालेत. वाढीच्या पत्रासोबत एक तक्ता आला: लिफ्टची देखभाल, फायर अलार्मची तपासणी, जिन्यातली वीज, रिझर्व्ह फंड आणि व्यवस्थापन शुल्क. आम्ही तळमजल्यावर राहतो, लिफ्टचं बटण कधी दाबत नाही, तरी त्या ओळीत आमचा वाटा आहेच. लिफ्टचा आकडा एवढा का वाढला, असं ईमेलने विचारलं तर उत्तरात तोच तक्ता पुन्हा पाठवला. बिलं बघायला मागण्याचा कायदेशीर हक्क आहे हे कळल्यावर रीतसर पत्र लिहिलं, तेव्हा कुठे कागद हलले.

दुरुस्तीबाबत आमच्यासारखं नवं लीज बरं आहे. पहिली १० वर्षं इमारतीच्या बाहेरच्या आणि ढाच्याच्या दुरुस्तीचा खर्च आपल्यावर येत नाही. घरातल्या नळजोडण्या, वायरिंग, हीटिंग यांच्या आवश्यक दुरुस्तीसाठी वर्षाला ५०० पाउंडांपर्यंत मागता येतात. जुन्या लीजमध्ये हे नाही.

हिस्सा वाढवायला इथे स्टेअरकेसिंग म्हणतात. ५ टक्के किंवा जास्त घ्यायचे तर सर्व्हेयरकडून मूल्यांकन करून घ्यायचं, वकील लावायचा, आणि भाव आजच्या किमतीने. घराची किंमत वाढली तर उरलेला हिस्साही तेवढाच महागतो. नव्या लीजमध्ये पहिली १५ वर्षं दर वर्षी १ टक्का घेण्याची सोय आहे. त्याची किंमत घरांच्या किमतींच्या निर्देशांकावरून काढतात, सर्व्हेयर लागत नाही. आम्ही यंदा तो एक टक्का घेणार आहोत. भाडं त्याने महिन्याला सात-आठ पाउंडांनीच उतरेल, पण ठीक आहे.

आणखी एक. वर्षभर भारतात राहायचं आणि तेवढा काळ फ्लॅट भाड्याने द्यायचा, असा बेत असेल तर हा मार्ग तुमचा नाही. अख्खं घर भाड्याने द्यायला सहसा परवानगी मिळतच नाही. विकायचं झालं तरी आधी असोसिएशनला कळवून त्यांना गिऱ्हाईक शोधायची संधी द्यावी लागते, नव्या लीजमध्ये ४ आठवडे आणि जुन्यात बहुतेकदा ८.