वेल्डेड स्टेनलेस पाइप: हायड्रो टेस्ट मागावी की एडी करंट?

हायड्रो म्हणजे पाइपमध्ये दाबाने पाणी भरून पाहणे; एडी करंट म्हणजे कॉइलने पाइपच्या धातूत वीजप्रवाह निर्माण करून त्यातल्या बदलावरून दोष शोधणे. एएसटीएम ए३१२ या स्टेनलेस पाइपच्या अमेरिकी मानकानुसार या दोन्हींपैकी एक टेस्ट पुरते. ऑर्डरमध्ये काहीच लिहिले नाही तर निवड कारखान्याची, आणि मग लाइनवर पाइप पुढे सरकत असतानाच उरकणारी एडी करंट त्याला सोयीची पडते.

हायड्रोचा हिशेब सोपा आहे: दाब म्हणजे ताणाची दुप्पट गुणिले जाडी, भागिले बाहेरचा व्यास. ताण यील्डच्या, म्हणजे ज्या ताणाला धातू कायमचा वाकू लागतो त्याच्या, निम्मा धरतात. ३०४ या स्टेनलेस प्रकाराचे किमान यील्ड २०५ एमपीए (मेगापास्कल), म्हणजे निम्मा ताण १०२.५. दोन इंची शेड्यूल १०एस (जाडीचा ठरावीक वर्ग) पाइपचा व्यास ६०.३ मिमी, जाडी २.७७ मिमी, दाब येतो सुमारे ९४ बार. तो किमान ५ सेकंद धरायचा. आरपार भोक असेल तर पाणी बाहेर येते. पण जोड अर्ध्याच जाडीपर्यंत भरलेला असेल तर? ढोबळमानाने तिथला ताण यील्डपर्यंत जातो. पाइप तुटायला लागतात ५१५ एमपीए. म्हणजे असला कच्चा जोडही पास होतो! पाण्यातले क्लोराइड ५० पीपीएमच्या आत हवे, आणि टेस्टनंतर पाइप लगेच रिकामा करून सुकवायला हवा. नाहीतर साचलेल्या पाण्यापाशी पिटिंग, म्हणजे खड्डे पाडणारा गंज, सुरू होते.

एडी करंटला पिनहोल, छोटी चीर लवकर दिसते, आरपार नसली तरी. मात्र यात वापरतात ती डिफरन्शियल कॉइल शेजारशेजारच्या दोन भागांची तुलना करते. पेनिट्रेशन (जोड किती खोलवर भरला ते) मीटरभर सारखेच कमी असेल, तर दोन्ही भाग तितकेच वाईट. सिग्नल येतो तो फक्त दोषाच्या सुरुवातीला आणि शेवटी. पाइपची टोकेही नीट तपासली जात नाहीत. वेल्डमधल्या फेराइटमुळे (चुंबकाला ओढला जाणारा धातूचा भाग) सिग्नलमध्ये येणारा गोंगाट वेगळाच. तो दाबायला चुंबकीय सॅच्युरेशन, म्हणजे जोरदार चुंबकीय क्षेत्र, लागते.

साध्या कमी दाबाच्या पाण्याच्या लाइनला एडी करंट पुरे, पण कॅलिब्रेशनची, म्हणजे यंत्र ज्ञात दोषावर तपासून घेतल्याची, नोंद मागून घ्या. वायूसाठी त्यावर पाण्याखाली हवेच्या दाबाची टेस्ट जोडा. दाब मोठा किंवा द्रव घातक असेल तर दोन्ही टेस्ट आणि जोडाची रेडिओग्राफी (क्ष-किरणांसारख्या किरणांनी फिल्मवर फोटो). कमी पेनिट्रेशन फिल्मवर दिसते.

जोडाची ताकद यांपैकी कशानेच कळत नाही. त्यासाठी पाइपचा तुकडा कापून फ्लॅटनिंग टेस्ट, म्हणजे तो दाबून चपटा करणे, करावी लागते. दाबताना जोड दाबाच्या दिशेला ९० अंशांत, म्हणजे बाजूला ठेवतात, कारण सर्वांत तीव्र वाक तिथेच येतो. जोड वर किंवा खाली ठेवून दाबलेला तुकडा पास दाखवला, तर टेस्ट पुन्हा करायला सांगा.