सरावाचं बारेन: आठ महिन्यांनंतर

जपानी लाकडी ठशाच्या छपाईत प्रेस नसतो. शाई लावलेल्या फळीवर ओलसर कागद ठेवायचा आणि वरून बारेन नावाच्या गोल चकतीने घासायचं. हे बारेन सरावाचं आहे: 12 सेंमीची तयार चकती, आत दोरीचं वेटोळं, वर बांबूच्या कोंबाचं सालपट ताणून पाठीमागे पिळून बांधलेलं. अस्सल होन-बारेनची चकती पातळ वाशी (पारंपरिक जपानी) कागदाचे कित्येक थर चिकटवून करतात आणि आतली दोरी बांबूच्याच सालपटाची 4, 8, 12 किंवा 16 पदरी वळतात. कमी पदर बारीक रेषांसाठी, जास्त पदर भरीव रंगासाठी. त्याची किंमत नवशिक्याच्या आवाक्यातली नाही.

पोस्टकार्डाएवढ्या रेषांच्या ठशाला हे बारेन पुरून उरतं. ए-4 आकाराचा सपाट निळा रंग मात्र त्याला झेपत नाही. जोर वाढवला की रंगात गोल ओरखडे उमटतात. कमी केला की तिळासारखे पांढरे ठिपके राहतात, ज्याला जपानी छापकार गोमा म्हणतात. काही जण मुद्दाम तसं छापतात, पण ते ठरवून आलं तर!

तरी बारेनच्या नावावर खपणारे निम्मे दोष कागदाचे आणि फळीवर रंगात मिसळायच्या खळीचे. कागद रात्रभर ओल्या कागदांच्या थप्पीत दाबून ठेवावा. सकाळी हाताला गार लागावा, पण वर पाणी चमकू नये. जास्त ओला असेल तर रेषा फुटते आणि घासताना कागदाचे तंतू उठतात. पोस्टकार्डाएवढ्या फळीला तांदळाच्या खळीचे ज्वारीएवढे दोन-तीन ठिपके पुरेत. खळ अजिबात नसली तरी रंग ठिपकेदारच बसतो, आणि मग उगाच बारेन बदललं जातं.

दर तीन-चार छापांनंतर बारेन तेलाच्या बोळ्यावर फिरवावं. जपानमध्ये कॅमेलिया या फुलझाडाच्या बियांचं तेल वापरतात. खोबरेल चालतं, फक्त पुण्याच्या थंडीत थिजतं. जवसाचं नको, ते सुकून चिकट होतं.

आठ महिन्यांत तीन सालपटं फाटली, तिन्ही कडेलाच. चकती तिरकी धरली किंवा फळीचा नको असलेला भाग उथळ कोरला, की कड तिथे अडकते. बदलताना जुनं सोडण्याआधी कोणती बाजू बाहेर आहे ते पाहून ठेवा. नवीन सालपट पाण्याने मऊ करून चकतीवर ताणा, दोन्ही टोकं पाठीवर आणून घट्ट पिळा, बांधा आणि सावलीत वाळवा. वाळताना ते आक्रसून आणखी ताठ बसतं. ओलं असताना सैल वाटलं तर लगेच सोडून पुन्हा बांधा. वाळल्यावर ओढलं की उभं चिरतं.

पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, आठवड्यात बुरशी धरते. सुती कापडात गुंडाळून उघड्या फळीवर ठेवलेलं ठीक राहिलं.