अपघातानंतरचे पहिले आठवडे आणि ‘टेली-मानस’

केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली ‘टेली-मानस’ ही मानसिक आरोग्यासाठीची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतूनही मिळते, हे अनेकांच्या कानावर आलेले असते. अपघातासारख्या आघातानंतर लगेचच तिचा किती आधार होतो, याविषयी मात्र फारसे बोलले जात नाही.

माझ्या धाकट्या भावाच्या मोटारीला घाटात अपघात झाला. हाताचे हाड जुळून आले, पण ट्रकचा हॉर्न ऐकला की त्याला दरदरून घाम फुटे आणि रात्री डोळ्याला डोळा लागत नसे. भेटायला येणारा प्रत्येक जण, मन मोकळे होईल म्हणून, घडलेला प्रसंग त्याला पुन्हा सांगायला लावी. ‘टेली-मानस’ला फोन केला, तेव्हा तिथल्या समुपदेशक बाईंनी तो प्रसंग विचारलाच नाही. झोप, जेवण, दारू, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार यांची त्यांनी शांतपणे चौकशी केली आणि त्याचा आवाज कापू लागताच दोन्ही पाय जमिनीवर टेकवून खोलीतल्या वस्तूंची नावे घ्यायला सांगितले.

हा संयम मला फार मोलाचा वाटतो. आघातानंतर एकाच बैठकीत सगळे वदवून घेण्याची पद्धत एके काळी रूढ होती, परंतु तिने पुढचा आजार टळत नाही, काहींना तर अपायही होऊ शकतो, असे अभ्यासांतून दिसल्यावर उपचारांविषयी मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने ती वापरू नये असे स्पष्ट सांगितले. बहुतेक जण काही आठवड्यांत आपोआप सावरतात. ज्यांचा त्रास तीव्र असतो, त्यांना पहिल्या महिन्यातच आघातकेंद्रित वर्तन-बोधात्मक उपचार, म्हणजे त्या आघाताविषयीचे विचार आणि भीती टप्प्याटप्प्याने हाताळणारे मानसोपचार, मिळाले, तर त्रास कायमचा जडण्याचा धोका कमी होतो, हे ऑस्ट्रेलियातील मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ब्रायंट यांच्या संशोधनाने दाखवले आहे.

असे उपचार एका फोनवर होत नाहीत, ही या सेवेची स्वाभाविक मर्यादा होय. आम्हालाही पुढे चिकित्सा मानसशास्त्रज्ञांकडे जावे लागले. त्यांनी भावाला आधी उभ्या गाडीत, नंतर चालकाशेजारी बसवले आणि बऱ्याच बैठकींनंतर त्याच घाटातून नेले. झोपेच्या गोळ्या मनाने सुरू करू नका, हे त्यांनी बजावले होते.

पहिला फोन भावाने नव्हे, मी केला होता. रुग्ण बोलायला तयार नसेल तर घरच्यांनी तो अवश्य करावा.