स्की टूरिंगचं साहित्य, एका हंगामानंतर: ग्रॅम मोजा, पण आधी गोंद बघा

स्की टूरिंगचं साहित्य घेताना सगळी चर्चा ग्रॅममध्ये चालते. या बाइंडिंगपेक्षा (बूट स्कीला धरून ठेवणारी जोडणी) ते दोनशे ग्रॅमने हलकं, या बुटापेक्षा तो शंभरने. चौघांच्या गटाने डिसेंबर ते एप्रिल वापरलेल्या चार निरनिराळ्या संचांचा हा हिशेब आहे. त्यात सर्वांत जास्त वेळ खाणाऱ्या गोष्टी दोनच निघाल्या: स्किनचा गोंद, आणि बाइंडिंगच्या पुढच्या तुकड्याखाली साचणारा बर्फ. दोन्ही गोष्टी माहितीपत्रकात कुठेच नसतात. तयार उतारांवर स्की येते, पण लिफ्टशिवाय चढून जायचं आहे, अशांच्या हे जास्त उपयोगी पडेल.

स्किन म्हणजे चढताना स्कीच्या तळाला चिकटवायची केसाळ पट्टी. केस एकाच दिशेला झुकलेले असल्याने स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. मोहेरची, म्हणजे अंगोरा शेळीच्या केसांची, पट्टी हलकी, छान घसरणारी आणि घडी केली की लहान होणारी. पण ती लवकर झिजते. नायलॉनची टिकते आणि जास्त पकड देते, मात्र प्रत्येक पावलाला थोडं ओढल्यासारखं वाटतं. 70 टक्के मोहेर, 30 टक्के नायलॉन हे मिश्रण बहुतेकांना पुरतं. हंगामाच्या सुरुवातीला, बर्फ पातळ असताना आणि दगड डोकावत असताना, शुद्ध मोहेर वापरू नये. पायाखालच्या पट्ट्यात केस आधी जातात आणि तिथेच पकड सर्वांत जास्त लागते.

पट्टी कापताना दोन्ही बाजूंना पोलादी कड पूर्ण उघडी राहिली पाहिजे, म्हणजे साधारण 2 मिलिमीटर. कड झाकली गेली तर कडक बर्फावर आडवं जाताना स्की चावतच नाही. उलट फार अरुंद कापली तर उघड्या तळावरून मागे घसरणं सुरू होतं.

आता गोंद. पारंपरिक प्रकार थंडीत घट्ट धरतो, पण दोन पट्ट्या एकमेकींपासून सोडवताना वाऱ्यात अक्षरशः कुस्ती होते. हायब्रिड गोंद सहज सुटतो, पुसून स्वच्छही करता येतो. मात्र दिवसात तीन-चार वेळा चढ-उतार असेल आणि तळावर ओल राहिली असेल, तर तो आधी हार मानतो. दोन्हींचं बिघडण्याचं कारण एकच: शेपटीकडून, म्हणजे स्कीच्या मागच्या टोकाकडून, बारीक बर्फ आत शिरतो, तिथे पाण्याचा थर होतो, तो गोठतो आणि पट्टी मागून उलगडत पुढे येते. म्हणून शेपटीची क्लिप सैल ठेवू नये, आणि पट्टी लावण्याआधी तळ हातमोज्याने नाही तर स्क्रेपरने कोरडा करावा. काढलेली पट्टी लगेच गोंदावर गोंद दुमडून जॅकेटच्या आत, अंगाच्या उबेत ठेवायची. सॅकमध्ये टाकलेली पट्टी पुढच्या चढाला दगा देणार हे गृहीत धरा.

तरीही सुटलीच, तर गोंदावरचं हिम स्कीच्या कडेवर घासून काढा, दहा मिनिटं पट्टी अंगाशी धरा, मग लावून शेपटीजवळ आणि मधोमध रबरी स्ट्रॅप आवळा. माणशी दोन स्ट्रॅप हवेतच. घरी तळाला वॅक्स लावलं असेल तर ते नीट खरवडून ब्रशने काढा. राहिलेलं वॅक्स गोंदावर चढतं आणि मग दोष बिचाऱ्या स्किनला दिला जातो.

स्किनचा दुसरा त्रास वसंतातला. उन्हातल्या ओल्या बर्फातून सावलीतल्या कोरड्या, थंड बर्फात गेलं की भिजलेल्या केसांवर बर्फ गोठत जातो आणि पायाखाली गोळे बनतात. यावर उपाय आधीच करायचा असतो: कोरड्या पट्टीवर टोकाकडून शेपटीकडे, केसांच्या दिशेने, स्किनचं वॅक्स घासायचं. गोळे झाल्यावर आधी ते खरवडल्याशिवाय वॅक्स लावण्यात अर्थ नाही. सावलीत शिरल्यावर उभं राहून फोटो काढू नका. सरकत राहिलेल्या स्कीवर गोळा कमी धरतो.

पिन बाइंडिंगची कल्पना ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेल यांची, 1980 च्या दशकातली, आणि मूळ रचना अजून तीच आहे: बुटाच्या टोकाला दोन धातूच्या खाचा, त्यांत बाइंडिंगच्या दोन पिना. चढताना टाच मोकळी, उतरताना टाचेतही पिना. गडबड पुढच्या तुकड्यात होते. पिना धरणाऱ्या त्याच्या दोन पंखांखाली बर्फ दाबला जातो, पंख पूर्ण मिटत नाहीत, पण दिसताना बूट बसल्यासारखा दिसतो. पाचव्या पावलाला स्की निघून येते. रीत अशी: पोलच्या टोकाने पंखांखालचा बर्फ काढा, बुटाच्या खाचाही टोकरा, पिना बसल्या की लीव्हर लॉक करण्याआधी टाच उचलून बूट चार-पाच वेळा पुढे-मागे हलवा. खाचेतला बर्फ चिरडून बाहेर येतो. मगच लॉक. उतरण्याआधी हा लॉक काढायचाच, नाहीतर पडल्यावर पुढचा तुकडा बुटाला सोडत नाही आणि किंमत गुडघा मोजतो.

बूट बदलला की टाचेचा तुकडा पुन्हा जुळवावा लागतो. बुटाची टाच आणि बाइंडिंग यांच्यातलं अंतर मॉडेलनुसार ठरलेलं असतं. काहींत 4 मिलिमीटर, काहींत शून्यच. अंदाजाने करू नका. स्क्रू बहुधा पोझिड्राइव्ह (फिलिप्ससारखाच दिसणारा, पण वेगळा खाचेचा प्रकार) 3 नंबरचे असतात. साध्या फिलिप्स बिटने त्यांची डोकी खातात, आणि खाल्लेला स्क्रू बर्फात कुणाच्याही बापाला निघत नाही. मार्चमध्ये एकदा सगळे स्क्रू तपासा. भोक सैल झालं असेल तर स्टीलवूल आणि इपॉक्सी भरून काम निघतं.

स्की क्रॅम्पॉन, म्हणजे स्कीला लावायचे धातूचे दात, पहाटेच्या गोठलेल्या उतारावर लागतात. रुंदी स्कीच्या कमरेपेक्षा, म्हणजे मधल्या अरुंद भागापेक्षा, थोडी जास्तच हवी. बाइंडिंगसोबत वर-खाली होणाऱ्या प्रकारात टाचेखालचा आधार उंच केला की दात कमी रुततात, म्हणून जिथे ते सर्वांत जास्त हवेत तिथे आधार खाली ठेवा. हे सूचनापत्रकात ठळक लिहायला हवं होतं.

बुटांबद्दल फार नाही. चालण्याच्या लीव्हरमध्ये बर्फ अडकला की तो उतारासाठी लॉक होत नाही, आणि अस्तर रोज बाहेर काढून वाळवावं लागतं. स्कीबद्दल त्याहून कमी: 90 ते 100 मिलिमीटर कमरेची, एका स्कीचं वजन 1300 ते 1500 ग्रॅम, यात बहुतेक दिवस निभावतात. त्याहून हलकी स्की चढताना सुख देते. कवच धरलेल्या बर्फावर उतरताना मात्र फेकली जाते.

गटात जाताना प्रश्न बदलतात. ट्रान्सीव्हर (हिमस्खलनात गाडल्या गेलेल्याला शोधण्यासाठी अंगावर बांधायचं रेडिओ यंत्र) कोणत्याही कंपनीचा असो, 457 किलोहर्ट्झवरच चालतो, त्यामुळे तो जुळण्याची चिंता नाही. तीन अँटेनांचाच घ्या. वारशाने आलेला एक अँटेनावाला निवृत्त करा. निर्मात्याने परवानगी दिल्याखेरीज रिचार्जेबल सेल घालू नका. त्यांचा व्होल्टेज शेवटपर्यंत सपाट राहतो, म्हणून दिसणारी टक्केवारी फसवी असते. फोन पाठवण्याच्या अवस्थेत किमान 20 सेंटिमीटर आणि शोधताना 50 सेंटिमीटर दूर असावा. बॅटरीवर गरम होणाऱ्या हातमोज्यांनाही हेच लागू. निघताना एकाने पुढे जाऊन प्रसारण चालू ठेवायचं, बाकीच्यांनी एकेक करून शोधमोडमध्ये त्याच्यापाशी यायचं, मग उलट. चार जणांना दोन मिनिटं पुरतात. प्रोब, म्हणजे बर्फात खुपसून गाडलेला माणूस शोधायची घडीची काठी, किमान 240 सेंटिमीटरची, फावडं धातूचं. प्लास्टिकचं पातं हिमस्खलनाच्या घट्ट राडारोड्यात मोडतं. प्रोब लागली की ती जागेवरच ठेवून, उताराच्या खालच्या बाजूने खणायचं.

वेळेच्या अंदाजासाठी स्विस वेर्नर मुंटर यांचं गणित सोपं आहे: किलोमीटर अधिक चढाचे शंभर-शंभर मीटर, भागिले 4. म्हणजे 6 किलोमीटर आणि 900 मीटर चढ असेल तर 6 अधिक 9, 15 भागिले 4, पावणेचार तास. यात थांबे नाहीत. आणि चढावरून उतारावर येताना स्किन काढणं, बूट आवळणं, लॉक बदलणं याला सरावलेल्या माणसाला दहा मिनिटं, नवख्याला पंचवीस. गट सर्वांत हळू माणसाच्या वेळेने निघतो, त्यामुळे पावणेचारचे साडेचार सहज होतात, आणि तोवर ऊन चढून बर्फ ओला झालेला असतो.

दुरुस्तीची पिशवी गटात एकच, पण पूर्ण हवी: 3 नंबरचा बिट आणि मूठ, बारीक तार, मजबूत टेप, स्टीलवूल, इपॉक्सी, शेपटीची जादा क्लिप, पोलचं एक बास्केट.

हंगामानंतर स्किन खोलीच्या हवेत वाळवा, हीटरजवळ नाही. गोंद पातळ होऊन केसांत उतरतो. मग गोंदावर जाळी लावून थंड, अंधाऱ्या जागी ठेवा. ट्रान्सीव्हरचे सेल काढून ठेवा, गळलेल्या सेलने आतले पत्रे गंजतात. या चार संचांपैकी दोन स्किनच्या शेपटीकडचा हातभर गोंद आता बदलावा लागेल. तपकिरी कागद ठेवून इस्त्रीने जुना गोंद कागदात उतरवायचा, खाली राहिलेला खरवडायचा आणि नवा थर द्यायचा. हे काम ऑक्टोबरमध्ये, निवांतपणे करण्यासारखं आहे.