गॅरेजमधल्या भूतघराला कुठला आवाज लावावा: मिडनाइट सिंडिकेट आणि डिस्नीची १९६४ ची रेकॉर्ड

आधीच सांगून टाकतो, हॅलोविनला गॅरेजमध्ये हॉन्टेड हाऊस करणार असाल तर मिडनाइट सिंडिकेटचा एखादा अल्बम आणि डिस्नीची साउंड इफेक्ट्सची जुनी रेकॉर्ड एवढ्यावर मस्त भागतं, यूट्यूबवरचे ते दहा-दहा तासांचे व्हिडिओ लावायचे तर खुशाल लावा पण मग पोरं हसत बाहेर आली म्हणून कुरकुर करायची नाही. आम्ही इकडे न्यू जर्सीत गल्लीतल्या पोरांसाठी दरवर्षी करतो, आणि माझं ठाम मत झालंय की निम्मी भीती कानातून घुसते, प्लॅस्टिकच्या सांगाड्यावर खर्च करायच्या आधी आवाजाचं बघा.

मिडनाइट सिंडिकेट ही ओहायोची मंडळी, नव्वदच्या दशकापासून हाच उद्योग करतायत, कधीच न निघालेल्या हॉरर सिनेमाचं बॅकग्राउंड म्युझिक म्हणा ना. शब्द नाहीत, गाणी नाहीत, नुसता ऑर्गन, घंटा, कोरस आणि मधूनच कुणीतरी कुजबुजल्यासारखं. तिकडच्या थीम पार्कांत आणि मोठमोठ्या हॉन्टेड हाऊसमध्ये यांचंच वाजत असतं. प्रत्येक अल्बमला एक जागा ठरलेली आहे, हे मला फार आवडतं: २००१ चा गेट्स ऑफ डिलिरियम म्हणजे वेड्यांचं इस्पितळ, २००५ चा द थर्टीन्थ अवर म्हणजे पडकी हवेली, २०११ चा कार्निव्हल आर्केन म्हणजे जुनी फिरती सर्कस. त्यामुळे आधी तुमची खोली कशाची ते ठरवा आणि मग अल्बम घ्या, सर्कशीच्या म्युझिकवर ड्रॅक्युला उभा केलात तर त्याची कीव येते बिचाऱ्याची.

पण हे म्युझिक आहे फार चांगलं, आणि गंमत म्हणजे आतल्या खोलीत तीच अडचण होते. चाल लागली की माणूस चाल ऐकायला लागतो, डोक्यात सिनेमा सुरू होतो आणि सिनेमात आपल्याला काही होत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणून याची जागा बाहेर, ड्राइव्हवेवर, जिथे पोरं रांगेत उभी असतात आणि आतून कुणाची तरी किंचाळी ऐकून आईचा हात धरतात. तिथे दहापैकी दहा. आत मात्र नुसता घूं घूं वारा हवा, ज्याला ठेका नाही, सुरुवात नाही, शेवट नाही.

आता डिस्नीचं. रेकॉर्डचं नाव लांबलचक, चिलिंग थ्रिलिंग साउंड्स ऑफ द हॉन्टेड हाऊस, १९६४ ची, म्हणजे डिस्नीलँडमधली हॉन्टेड मॅन्शन राइड उघडली त्याच्या पाच वर्षं आधीची. पहिल्या बाजूला एक बाई छोट्या छोट्या गोष्टी सांगते, त्या सोडून द्या, आज ऐकताना काही भाग हसू आणतो आणि पाण्याच्या छळाच्या ट्रॅकचं तर नावच आता पोरांसमोर घ्यायला नको वाटतं. सोनं आहे ते दुसऱ्या बाजूला, तिथे बोलणं नाही, नुसते आवाज: किंचाळ्या-कण्हणं, पाऊस नि विजांचा कडकडाट, मांजरांची भांडणं, दारांची करकर, टपटप पाणी. अंतराळातले आवाजपण आहेत, ते कशाला घातलेत देव जाणे. आवाज जुन्या धाटणीचे, थोडे खरखरीत, पण त्या खरखरीमुळेच खरे वाटतात, हल्लीच्या फुकट इफेक्ट्समधली किंचाळी इतकी गुळगुळीत असते की जाहिरातीतली बाई वाटते.

ही करकर आणि टपटप कापून वेगवेगळ्या फाइल करा. एकाच स्पीकरवर सगळं ओतू नका, जुने फोन ड्रॉवरमध्ये पडलेले असतातच, एकावर सात मिनिटांचा लूप, दुसऱ्यावर अकरा मिनिटांचा, म्हणजे तेच दोन आवाज पुन्हा तसेच जुळून यायला सत्त्याहत्तर मिनिटं लागतात आणि तिसऱ्यांदा आत घुसणाऱ्या आगाऊ पोरालाही काही ओळखीचं वाटत नाही. वाऱ्याचा, ढगांचा जाड आवाज कुठूनही आला तरी कानाला दिशा कळत नाही, तो स्पीकर कोपऱ्यात कुठेही टाका. करकर मात्र खरोखरच्या दारामागूनच आली पाहिजे, बारीक आवाजाची जागा कान लगेच पकडतो. आणि स्पीकर धूर सोडणाऱ्या फॉग मशीनपासून लांब ठेवा, त्याच्या फुस्स आवाजात सगळं बुडतं. गेल्या खेपेला माझी आई सांगलीहून आलेली, तळघरातल्या वॉशिंग मशीनमागे मी हळू आवाजात कण्हणं लावून ठेवलं होतं, ती वर येऊन म्हणते, "अरे, खाली कुणाचं पोट दुखतंय का बघ जरा." एवढंच पाहिजे, ऐकू येतंय की नाही इतपत.

सगळ्यात मोठी चूक लोक करतात ती आवाज फुल करण्याची. सतत ढणढण चालू असलं की दोन मिनिटांत कान सरावतात, मग मास्क घातलेला तुमचा मित्र "भ्यॉ" करून आला तरी कुणी हलत नाही. तो जिथे लपलाय त्या कोपऱ्यात काहीच लावू नका, वारापण नाही, पोरं आपोआप दबकत चालतात.

आणखी एक खूळ आहे, एकोणीस हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला एकोणीस कंपनांचा फार खालचा आवाज लावा, तो ऐकू येत नाही पण माणसाला भूत असल्यासारखं वाटतं म्हणे. याचं मूळ इंग्लंडमधल्या एका लॅबमध्ये, तिथल्या पंख्यामुळे साधारण तेवढाच आवाज घुमत होता आणि १९९८ मध्ये त्यावर एक रिसर्च पेपर आला. वाचायला भारी आहे, पण तुमच्या हातातला ब्लूटूथ स्पीकर तितका खाली जातच नाही, त्यातून काही म्हणजे काही निघणार नाही, फोनची बॅटरी तेवढी उतरेल.

पैशाचं बोलायचं तर अल्बम सरळ विकत घेऊन फोनमध्ये डाउनलोड करा. फुकटच्या अकाउंटवर स्ट्रीम केलंत तर शवपेटीचं झाकण उघडताना कार इन्शुरन्सची जाहिरात लागते, आमच्याकडे लागली आहे, आणि त्या रात्री सगळ्यात जास्त टाळ्या तिलाच पडल्या. घरच्या घरी पोरांसाठी असेल तर लायसन्सची भानगड नाही, पण मंडळाच्या नाहीतर शाळेच्या कार्यक्रमात तिकीट लावून करणार असाल तर अमेरिकेत त्यासाठी परफॉर्मन्स लायसन्स, म्हणजे लोकांसमोर म्युझिक वाजवायचा परवाना, लागू शकतो, तेवढं आधी विचारून घ्या. चार-पाच वर्षांची पिल्लं साधारण सहा वाजता येतात, तेव्हा नुसता पाऊस आणि मांजरं ठेवा, किंचाळ्या आठनंतर.