लोंबणारी कातडी घट्ट करायचं ‘लेखी गॅरंटी’चं पॅकेज: माझे ७८ हजार कसे गेले

भरपूर वजन उतरवलेल्या माणसांना गाठून लुबाडायचा एक धंदा सध्या जोरात आहे. माझे त्यात ७८ हजार रुपये गेले. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीकडं ज्यांनी मनावर घेऊन तीस-चाळीस किलो कमी केलेत त्यांनी हे वाचावं, कारण या लोकांना गिऱ्हाईक म्हणून नेमकी तुमच्यासारखीच माणसं हवी असतात.

मी ११२ किलोंची होते. जेवण बदलून आणि पहाटे रंकाळ्याला चालून ६६ वर आले. शुगर आटोक्यात आली, जिना चढताना दम लागायचा थांबला. पण पोटाची कातडी सुटून खाली आली, दंडाची ब्लाउजच्या बाहीखाली लोंबायला लागली. उन्हाळ्यात पोटाच्या घडीखाली घाम साचून कातडी सोलवटायची, कंड सुटायचा, वास यायचा. हे घरातसुद्धा बोलवत नाही. त्यात बाहेरची माणसं विचारायची, “शुगरनं वाळलीस व्हय गं?” अशा दिवसांत मोबाइलवर जाहिरात आली: ऑपरेशन नाही, दुखणं नाही, लेखी गॅरंटीनं कातडी घट्ट.

सेंटरवर पांढरा कोट घातलेल्या बाईंनी तपासलं. सगळे त्यांना डॉक्टर म्हणत होते. भिंतीवरची प्रमाणपत्रं ब्यूटी कोर्सची होती, वैद्यकीय पदवी किंवा रजिस्ट्रेशन नंबर कुठंच नव्हता. पहिला डेमो फुकट. माझ्या मते सगळी लबाडी त्या डेमोतच आहे, म्हणून तो नीट सांगते.

आधीचं माप घेताना त्या म्हणाल्या, “मॅडम, श्वास सोडा, पोट एकदम सैल सोडा.” टेप बेंबीच्या खाली, घडीच्या सगळ्यात जाड भागावरून अलगद धरलेली. मग पोटावर जेल लावून बराच वेळ गरम हँडपीस फिरवला. नंतरचं माप घेताना, “आता ताठ उभ्या राहा, खोल श्वास घ्या, धरून ठेवा.” या खेपेला टेप बेंबीच्या वर होती आणि कातडीत रुतेल इतकी ओढलेली. सहा सेंटिमीटर कमी! आरशात कातडी खरोखर तुकतुकीत दिसत होती. ती उष्णतेनं आलेली हलकी सूज असते, काही तासांत ओसरते, हे मला पुढं कळलं. त्या क्षणी मात्र डोळ्यांत पाणी आलं होतं आणि समोर लगेच कागद आला. आज ७८ हजार, उद्या एक लाख दहा हजार.

रोख एवढे नाहीत म्हटल्यावर, “ईएमआयसाठी फक्त व्हेरिफिकेशन करायचंय,” असं म्हणत त्यांनी माझा मोबाइल हातात घेतला. आधार आणि पॅनचे फोटो काढले, ओटीपी टाकला. तेवढ्यात माझ्या नावावर एका फायनान्स कंपनीचं कर्ज झालं. सगळी रक्कम सेंटरच्या खात्यात गेली आणि माझ्या खात्यातून साडेसहा हजारांचे बारा हप्ते सुरू झाले. म्हणजे त्यांचे पैसे पहिल्याच दिवशी वसूल. त्यानंतर मला बरं वाटो न वाटो, त्यांचं काही अडत नव्हतं.

सुरुवातीच्या सिटिंग झाल्या. एकदा पोटावर भाजल्याचा डाग पडला, तर म्हणाल्या, “कोलॅजेन तयार होतंय, चांगली खूण आहे.” घडीला लावायला क्रीमची डबी दिली. तिच्यावर ना कंपनीचं नाव, ना बॅच नंबर. पुरळ वाढलं. पुढं मशीन सर्व्हिसिंगला गेलं, मग स्टाफ रजेवर, मग फोन उचलणंच बंद.

माझी नणंद पतसंस्थेत काम करते. तिनं पावती हातात घेतली आणि म्हणाली, “वहिनी, ह्यात कातडीचं नाव कुठंच नाही की! ‘वेलनेस अँड इंच लॉस’ लिहिलंय. खाली बारीक अक्षरात नॉन-रिफंडेबल.” गॅरंटीच्या कागदावरही शेवटी इंग्रजीत छापलं होतं की परिणाम व्यक्तीनुसार वेगवेगळे असतील.

पुरळासाठी कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या स्किन ओपीडीत गेले, ती डबी बंद केली, औषधानं पुरळ बसलं. नंतर एका प्लास्टिक सर्जनना भेटले. त्यांनी पोटाची घडी दोन्ही हातांनी उचलून दाखवली आणि सांगितलं की वर्षानुवर्षं ताणल्यावर कातडीतले कोलॅजेन आणि इलॅस्टिनचे धागे तुटतात. वय, किती वजन होतं, किती वर्षं होतं, सिगारेट-तंबाखू, घराण्यातून आलेली कातडीची ठेवण यांवर ती किती मागं सरकेल ते ठरतं. रेडिओफ्रिक्वेन्सीचं, म्हणजे कातडी आतून तापवणारं मशीन खोटं नसतं. योग्य हातात थोड्या सैल कातडीला थोडा फरक पडतो, तोही काही महिन्यांत. पण हातात मावणारी घडी कुठल्याही मशीननं, पट्ट्यानं, तेलानं किंवा क्रीमनं जात नाही. ती कापूनच काढावी लागते.

सेंटरनं व्हॉट्सअॅपवर पाठवलेले ‘आधी-नंतर’चे फोटो मी त्यांना दाखवले. त्यांनी एक मोठा करून बोट ठेवलं. ‘नंतर’च्या फोटोत चड्डीच्या इलॅस्टिकच्या जरा वर, या कमरेपासून त्या कमरेपर्यंत एक बारीक फिकट रेघ होती. ऑपरेशनचा व्रण! दुसऱ्या कुणाच्या तरी ऑपरेशनचा फोटो दाखवून हे लोक मशीन विकत होते. तुमच्याकडं असे फोटो आले असतील तर आधी ती रेघ शोधा.

ऑपरेशनबद्दलही त्यांनी काही लपवलं नाही. व्रण कायमचा राहतो. आत साचणारं पाणी बाहेर काढायला काही दिवस नळी असते, काही आठवडे जड उचलायचं नाही, घट्ट पट्टा घालायचा. जखम उशिरा भरणं, पाणी साचणं, पायात रक्ताची गुठळी होणं हे धोके आहेत. वजन किमान सहा महिने, शक्यतो वर्षभर एका जागी टिकलेलं हवं, हिमोग्लोबिन आणि प्रोटीन चांगलं हवं, पुढं बाळंतपण करायचं असेल तर थांबलेलं बरं. विमा कॉस्मेटिक ऑपरेशनला सहसा पैसे देत नाही. वारंवार जंतुसंसर्ग होत असेल तर त्याची कागदपत्रं जोडून कंपनीला आधी लेखी विचारावं. सर्जनची पदवी प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी आहे का ते विचारा, आणि नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर बघा. खरा डॉक्टर असं विचारल्यावर रागावत नाही.

जे आत्ता पॅकेजमध्ये अडकलेत त्यांच्यासाठी थोडं. कर्ज नुकतंच झालं असेल तर फायनान्स कंपनीला आजच ईमेल करा. डिजिटल कर्ज ठरावीक मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज देऊन रद्द करता येतं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मुदत गेली असेल तर हप्ता गुपचूप बंद करू नका, सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, तुमचा बिघडतो. कंपनीकडं लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन जाता येतं. सेंटरविरुद्ध आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, मग जिल्हा ग्राहक आयोगात. दोन वर्षांच्या आत जावं लागतं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

माझी तक्रार आयोगात दाखल आहे. त्याच सेंटरच्या आणखी काही बायका मला सापडल्यात, पावत्यांवर तोच मजकूर आहे. एकाच प्रकारे फसलेल्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीनं एकत्र तक्रार करता येते. तेव्हा पावती, हप्त्यांचे मेसेज, ती बिननावाची डबी, भाजल्याच्या डागाचे तारखेसह फोटो, व्हॉट्सअॅपचं सगळं बोलणं, यातलं काहीही लाजून पुसून टाकू नका.